इनासकाकांची उल्का

उमेळ्याचे इनासकाका लिंबू पिळतानाही रबरी हातमोजे आणि प्रयोगशाळेतला, बाजूंनी बंद चष्मा घालायचे. "ॲसिड ते ॲसिड! लिंबातलं काय नि बाटलीतलं काय!" शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्या सांभाळून निवृत्त झालेला हा गृहस्थ बायको गेल्यापासून एकटाच राहायचा. शेजारच्या नव्या बिल्डिंगमध्ये मी, मुळातच घाबरट.

त्यांच्या मुलीनं, लिनानं, कॅनडातून बिस्किटाएवढा लोखंडी उल्केचा काप पाठवला. घासून योग्य ॲसिडमध्ये ठेवला की आतल्या आडव्यातिडव्या रेषा चटईच्या विणीसारख्या वर येतात. ॲसिड जास्त झालं तर रेषाच खाऊन टाकतं. काप एकच. काकांची झोप उडाली, आणि त्यांच्यामुळे माझीही.

दोन वर्षं त्यांचं ॲसिडच ठरेना. सोनाराकडचं नायट्रिक झटपट काम करतं, पण ते स्पिरिटमध्ये मिसळावं लागतं, आणि उरलेलं मिश्रण बाटलीत बूच लावून ठेवलं तर बाटली फुटते.

"धूर छातीत गेला तर? तू धरशील मला?"

मी प्रामाणिकपणे नाही म्हटलं.

शेवटी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून फेरिक क्लोराइडची पूड आणली. धूर नाही, फक्त लादीवर सांडलं तर डाग जन्माचा. एका रविवारी चर्चमधून, मिस्सावरून आल्यावर पडवीत मुहूर्त लागला. मला खाण्याच्या सोड्याच्या पाण्याची बादली घेऊन उभं केलं होतं. मदत म्हणून मी पुडीवर पाणी ओतायला गेलो.

"थांब! पहिलं पाणी, मग पूड थोडी थोडी! उकळून तोंडावर येईल!"

माझी पाचावर धारण बसली.

काप बुडवून काका पुटपुटू लागले. मला वाटलं, सेकंद मोजताहेत. ते 'नमो मरिया'ची प्रार्थना म्हणत होते. दहा झाल्या की काप उलटायचा, ही त्यांची पद्धत. दुसऱ्या दहाला रेषा उमटल्या. सोड्यात, पाण्यात, मग स्पिरिटमध्ये धुऊन, तेल लावून त्यांनी काप माझ्या हातात दिला.

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी उचलला, तसा लिनाचा आवाज मलाही ऐकू आला, "पप्पा, केलं का?"

काकांनी कापाकडे पाहिलं.

"नाय गो बाय. अजून ॲसिडचंच ठरत नाय. नायट्रिक बरं की दुसरं, तूच सांग ना परत."

ती पहिल्यापासून समजावू लागली. काका स्टूल ओढून बसले. दोन वर्षं दर रविवारी ती हेच समजावत होती, आणि मी मूर्ख, काका ॲसिडला घाबरतात असं समजत होतो.

त्यांनी मला काप लपवायची खूण केली. मी काप रुमालात गुंडाळून खिशात टाकला आणि आवाज न करता पायऱ्या उतरलो.