कमूच्या कोंबड्याचा तुरा

सकाळपासून त्र्यंबकराव पाट्यावर लाल माठाची पाने वाटत होते, आणि आतापर्यंत लाल झाले होते ते फक्त त्यांचे धोतर.

त्र्यंबकराव जव्हार संस्थानच्या जंगलखात्यात हेडकारकून होते. घरात त्यांचा हात पुस्तकाखेरीज कशाला फारसा लागत नसे. पण आज त्यांनी कचेरीतून रजा घेतली होती, कारण आज त्यांच्या कमूचा सहावा वाढदिवस होता आणि ते शब्दात अडकले होते.

त्याचे असे झाले. सगळा पावसाळा कमू हिवतापाने अंथरुणावर होती. कोयनेलचा चमचा दिसला की ती दात घट्ट मिटून घेई. औषधाची बाटली मुंबईहून आली तेव्हा तिच्याभोवती कुठल्याशा इंग्रजी मासिकाचे पान गुंडाळलेले होते. त्यावर एका केकचे रंगीत चित्र होते. केकवर हिरवळ, हिरवळीवर पिवळाधमक कोंबडा आणि कोंबड्याला लालभडक तुरा. त्र्यंबकराव बोलून गेले, "कमू, औषध घेतलंस तर वाढदिवसाला मी असाच केक करीन."

"तुऱ्यासकट?"

"तुऱ्यासकट."

कमूने ती अख्खी बाटली तोंड वाकडे न करता संपवली. आता पाळी बापाची होती.

केक मात्र उत्तम झाला होता. रवा, दही आणि लोणी फेटून, पितळी पातेल्याखाली आणि झाकणावर निखारे ठेवून तो चंद्रकलाबाईंनी भाजला होता. त्यात त्र्यंबकरावांना हात घालू दिला नव्हता, हेही कारण असेल. वरच्या रंगाचे काम तेवढे त्यांच्याकडे होते. चित्राखाली कृती नव्हती, म्हणून त्यांनी ती तर्काने ठरवली. जात्यावर दळलेली साखर आणि लोणी. चिमूटभर हळद घालताच पिवळा रंग असा खुलला की त्यांना स्वतःचेच नवल वाटले. हिरव्यासाठी कोथिंबिरीचा रस घातला. हिरवळ छान उठली. वास चटणीचा येत होता, पण चित्राला कुठे वास असतो?

घोडे अडले ते लालपाशी.

माठाचा रस घातला, तर रंग आला फिका गुलाबी. आणखी रस घातला तर ते पाणी झाले. घट्ट व्हावे म्हणून साखर घातली तर रंग पुन्हा फिका. मग पुन्हा रस. वाटीतले मिश्रण तांब्यात गेले, तांब्यातले पातेल्यात. घरातली साखर संपली, तेव्हा शेजारच्या सोनीकाकूंकडून आणली.

"अहो, कोंबड्याला तुरा हवाय की कोंबड्याला बुडवायचंय?" चंद्रकलाबाईंनी पातेल्यात डोकावून विचारले.

"थोडंच राहिलंय गं."

"लाल व्हायचं?"

"नाही, पातेलं भरायचं," त्र्यंबकराव खिन्नपणे म्हणाले. मग त्यांची नजर देवघरातल्या कुंकवाच्या करंड्याकडे गेली.

"खबरदार! बाजारचं कुंकू ते. त्यात काय काय कालवतात कुणास ठाऊक. पोरांच्या पोटात घालणार?"

ओसरीवरच्या झोपाळ्याची कडी करकरली. त्र्यंबकरावांचे काका आबा तिथे पानाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. "वाढदिवसाला औक्षण करावं, तूपभात जेवावा," ते म्हणाले. "हा साहेबाचा पाव कशाला? आणि आपल्या घरात कोंबडं? तेही पानात? मी सांगून ठेवतो त्र्यंबक, मी त्याला हात लावायचा नाही."

"नका लावू, काका," त्र्यंबकराव म्हणाले. वाद घालण्याइतका जीव त्यांच्यात उरला नव्हता. शेवटी त्यांनी कोंबडा काढला आणि तुराही हळदीचाच काढला.

तेवढ्यात पोशेरे गावची हौशी पत्रावळींसाठी पळसाची पाने घेऊन आली. तिने पानांचा भारा टेकवला, कमरेवर हात ठेवले आणि केक नीट पाहिला.

"कोंबडी ब्येस झालीय, बाय."

"कोंबडी नव्हे गं, कोंबडा आहे," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

"मंग तुरा कुठं हाय?"

"हा काय," त्र्यंबकरावांनी दाखवले.

"पिवला तुरा? आमच्या पोशेऱ्याला असला कोंबडा कोनी पाह्यला नाय, दादा. ही कोंबडीच. चार दिसांत अंडी घालंल."

तिने केकवर बांबूची टोपली पालथी घातली आणि आपल्याच विनोदावर खुदखुदत चंद्रकलाबाईंबरोबर मागच्या अंगणात पत्रावळी लावायला गेली.

त्र्यंबकराव परसाच्या पार टोकाला जाऊन फेऱ्या मारू लागले. कमू गल्लीतल्या मैत्रिणींना बोलवायला गेली होती आणि लाल तुऱ्याची बातमी तिने सगळ्या गल्लीला केव्हाच दिली होती. "कमू बाळा," ते पेरूच्या झाडाला म्हणाले, "जगात पिवळ्या तुऱ्याचेसुद्धा कोंबडे असतात." झाडाला ते पटलेले दिसले नाही. त्यांना स्वतःलाही पटले नाही. पोरीने एवढे कडू गिळले आणि आपल्याला एवढासा गोड तुरा जमू नये, याचे त्यांना फार वाईट वाटत होते.

इतक्यात घरातून हौशीची आरोळी आली, "बाय गं! कोंबड्याला रगत आला!"

त्र्यंबकराव धावले. टोपली दूर झाली होती. कोंबड्याच्या शेपटीवर बोटाएवढा खड्डा पडला होता आणि खड्ड्याच्या कडा लालभडक होत्या.

"कुणाचं बोट कापलं?" त्र्यंबकरावांनी घाबरून विचारले. चंद्रकलाबाईंनी आपले हात पाहिले, हौशीचे पाहिले, मग नवऱ्याचे उलटेसुलटे करून पाहिले. माठाच्या डागांमुळे ते हात बराच वेळ संशयात राहिले, पण जखम कुठेच नव्हती.

"म्या त्याला कोंबडी बोलले," हौशी मागे सरत म्हणाली, "म्हनून त्याला राग आला जनू."

"काका, इथे कोणी आलं होतं का?"

"मी काय तुझ्या कोंबड्याचा राखणदार आहे?" झोपाळ्यावरून आबा म्हणाले आणि एकदम छताची तुळई निरखू लागले. त्यांनी तोंडावर उपरणे घेतले होते. उन्हाळा नव्हता, थंडी नव्हती, धूळही नव्हती.

त्याच वेळी कमू मैत्रिणींचा घोळका घेऊन दारात आली. तिने केककडे पाहिले, मग आबांकडे. ती झोपाळ्यापाशी गेली आणि तिने उपरणे खाली ओढले.

"आबा, तुमच्या मिशीला कोंबडा लागलाय."

आबांच्या पांढऱ्याशुभ्र मिशीचे टोक पिवळे झाले होते. त्यांनी घाईने ते बोटाने पुसले आणि पुसता पुसता मिशी लाल झाली.

मुली खिदळल्या. हौशी तर खालीच बसली. त्र्यंबकराव मात्र हसले नाहीत. ते आबांच्या बोटाकडे पाहत होते. बोटाला पानाचा चुना होता. त्यांनी आबांच्या डब्यातून काडीच्या टोकावर चुना घेतला आणि वाटीत उरलेल्या पिवळ्यात फिरवला. पिवळे आधी केशरी झाले आणि बघता बघता लाल.

"अगंबाई!" चंद्रकलाबाई म्हणाल्या. "कुंकूसुद्धा हळदीचंच करतात, नाही का? आणि आपण सकाळपासून माठ वाटतोय!"

"मी चाखलं नव्हतं," आबा म्हणाले. "साखर नीट दळली गेलीय का, तेवढं पाहिलं. वडील माणसाला पाहावं लागतं."

"हात लावणार नव्हतात ना?" कमूने विचारले.

"हात कुठे? बोट लावलं."

त्र्यंबकराव काडी घेऊन वाकले, पण गडबडीत काडीवर चुन्याचा गोळाच आला होता. एवढ्या मुलींसमोर त्यांना पुस्तकसुद्धा धड वाचता आले नसते. आबांनी क्षणभर पाहिले आणि मग झोपाळ्यावरून उतरले.

"सरक. चुना जास्त पडला तर पोरींची तोंडं भाजतील. आयुष्यभर पान लावलंय मी. दे इकडे."

पानाला लावावा तसा, अगदी नखभर चुना त्यांनी पिवळ्या तुऱ्याच्या टोकाटोकांवरून ओढला. तुरा लाल झाला. शेपटीतला खड्डाही त्यांनी बुजवून त्याचे एक लाल पीस करून टाकले.

"आता कोंबडा," हौशीने निकाल दिला. गुलाबी पातेल्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ह्यो लगदा मना दे, बाय. पोरा नागलीच्या भाकरीसंगं खातील."

औक्षण झाले. कमूने केक कापला आणि पहिला तुकडा घेऊन झोपाळ्यापाशी गेली. तुकड्यावर तुऱ्याचे टोक होते.

"छे छे," आबा मान फिरवून म्हणाले. "मी हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. माणसाने शब्द पाळावा."

"मग नका लावू हात," कमू म्हणाली. "आ करा."

आबांनी एकदा त्र्यंबकरावांकडे पाहिले, एकदा तुळईकडे पाहिले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून, औषध घेणाऱ्या शहाण्या मुलासारखा, मोठा आ केला.