झाडेसाहेबांच्या फळीचं माप

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी मी दात घासत गच्चीवर गेलो, तर शेजारच्या गच्चीत झाडेसाहेब दरवाजावर उभे होते. दरवाजात नव्हे, दरवाजावर. बाथरूमचा जुना दरवाजा त्यांनी ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर आडवा टाकला होता. त्यावर हाफपँट घालून, गुडघे किंचित वाकवून, हातात जाळी काढायच्या झाडूचा बांबू धरून ते उभे. नजर समोर, थेट पाण्याच्या टाकीच्याही पलीकडे. दरवाजा डावीकडे कलला, साहेब उजवीकडे कलले, बांबू हवेत दोनदा फिरला आणि धप्पकन आवाज झाला.

"ट्रिप!" कठड्यामागून आवाज आला. मग डोकं वर आलं. "मास्तर, अठ्ठावीस इंच कमी पडून राहिले. तीस तरी पाह्यजेच."

"कशाला?"

"लहान लाटेले," ते म्हणाले आणि कोपर चोळत पुन्हा दरवाजावर चढले.

आमचं घर हुडकेश्वरात. नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, रात्रभर रेल्वेत बसल्याशिवाय समुद्र दिसत नाही. मी शाळेत भूगोल शिकवतो. बावीस वर्षं पोरांना नकाशावर छडीनं समुद्र दाखवतो आहे. पण आमच्या गल्लीत कुणी लाटेसाठी फळीचं माप घेताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

नामदेवराव झाडे खापरखेड्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या शेजारी घर बांधलं. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून ते एकटेच असतात. पल्लवी नावाची एक मुलगी. ती तिकडे दक्षिणेत समुद्राकाठी असते एवढंच आम्हाला ठाऊक होतं. साहेब त्याबद्दल बोलत नसत आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कुणी विचारतही नसे.

माणूस नोकरीतून निवृत्त होतो, कंट्रोल रूम त्याच्यातून निवृत्त होत नाही. साहेबांना लग्नपत्रिका दिली की पहिला प्रश्न, "लोड किती?" म्हणजे माणसं किती येणार. माझी बायको सुनीता पाहुण्यांसाठी पोळ्या लाटत बसली की ते खिडकीतून विचारणार, "वहिनी, आज फुल लोड दिसते?" कुणाचा रक्तदाब वाढला, कुणाचं नवराबायकोचं भांडण झालं, कुणी स्कूटरवरून पडलं, सगळ्याला वीज केंद्रातला संच बंद पडल्यावरचा शब्द एकच : "ट्रिप झाला."

आणि निर्णय? तो घेण्यात या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता. मुलगी पाहायला गेले तेव्हा चहाची कपबशी समोर येण्याआधीच त्यांनी होकार देऊन टाकला होता, हे काकूच आम्हाला हसत सांगायच्या. घराचा प्लॉट स्कूटरवरून न उतरता पसंत केला. "पॅनेलवर लाल दिवा लागला का विचार करत बसता येते का गा?" हे त्यांचं म्हणणं.

असा माणूस एका फळीचं माप वर्षभर ठरवू शकत नव्हता.

फळी म्हणजे पॅडलबोर्ड. उभं राहून वल्हवायची आणि तशीच लाटेवर न्यायची. हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. "पाहा मास्तर. मोठी लाट माणसाले स्वतः ढकलते. लहान लाटेत जोर राहत नाही. म्हणून फळीच अशी पाह्यजे का थोड्याशा पाण्यातही पुढे सरकली पाह्यजे. रुंद, चपटी, बाक कमी, नाक भरलेलं. फार मोठी घेतली तर मस्त उभे राहाल, पण वळता वळणार नाही. लहान घेतली तर फळी पाण्याखाली अन् तुमी गुडघाभर पाण्यात, सत्यनारायणाले बसल्यासारखे."

"सत्यनारायणाला पाण्यात कोण बसतं?"

"म्हणूनच तर मोठी पाह्यजे."

त्यांच्या गच्चीवर खडूनं काढलेल्या फळ्या होत्या. आठ फूट, साडेआठ, नऊ, दहा. प्रत्येकीची रुंदी वेगळी, शेपूट वेगळं. सकाळी आमच्या गच्चीवरून पाहिलं की वाटायचं, तिथे लांबट माणसं ओळीनं झोपली आहेत. साहेब एकेकीच्या पोटात उभे राहून पाय किती अंतरावर पडतात ते मोजायचे आणि वहीत लिहायचे.

मग वजनाचा प्रश्न आला. फळी किती लिटरची, म्हणजे किती आकारमानाची हवी, हे उभ्या राहणाऱ्याच्या वजनावर ठरतं. साहेब रोज सकाळी राशनच्या दुकानातल्या काट्यावर उभे राहू लागले. उपाशीपोटी एकदा, जेवून एकदा. एक दिवस तर त्यांनी दुकानासमोरच्या नळाखाली बादली भरली, कपड्यांसकट डोक्यावर ओतली आणि निथळत काट्यावर चढले.

"साहेब, काहून?" दुकानदार ओरडला. पोत्यांवर पाणी उडालं होतं.

"समुद्रात माणूस कोरडा राहते का?" साहेब म्हणाले. "ओला लोड घ्या. लिहा, अडुसष्ट किलो नऊशे."

दुकानदारानं मुकाट्यानं लिहून दिलं. मीही तिथेच पिशवी घेऊन उभा होतो. हसू येत होतं, पण खरं सांगतो, त्याहून जास्त काहीतरी वाटत होतं. एका वस्तूसाठी एवढं खोल जाणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. मी स्वतः बूट घेताना एकच पाय घालून पाहतो.

जानेवारीत त्यांनी फळी बनवली. बुटीबोरीच्या भंगारवाल्याकडून यंत्रांच्या खोक्यांतला थर्माकोल आणला, थर चिकटवले, वरून प्लायवूड, भोवती ताडपत्री. नऊ फूट लांब, तीस इंच रुंद. ती उमरेडच्या रस्त्याकडच्या एका तलावावर टेम्पोनं न्यायची आणि मी सोबत असायचं, असं त्यांनी मला न विचारता ठरवलं.

तलावाच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष भोयर काठावर बसले होते. त्यांनी फळी पाहिली, साहेबांचं लाइफ जॅकेट पाहिलं, मग मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेबांच्या घरी कोणी हाये का?"

"लाटा पाह्यजे होत्या," साहेब त्यांना म्हणाले. "लहान."

"आमच्या तलावात लाटा नाई येत."

"मोटरबोट हाये ना? ती बाजूनं न्या. तिच्या मागं येतीनच."

भोयरांनी डोकं खाजवलं. पण असं काम त्यांच्याकडे आजवर कुणी आणलं नसावं. बोट निघाली. साहेब फळीवर गुडघ्यांवर बसले, उठले, पडले. "ट्रिप!" पुन्हा चढले. पुन्हा ट्रिप. सात वेळा मी मोजलं. थंडीनं त्यांचे ओठ काळे पडले होते. काठावर जाळी विणणारे लोक काम सोडून उभे राहिले. आधी ते हसत होते, मग हसणं थांबलं.

आठव्या वेळी बोटीची लाट आली, वीतभर उंच असेल. फळी तिच्यावर चढली आणि साहेब उभे राहिले. त्रेसष्ट वर्षांचे, पोट थोडं सुटलेलं, हाफपँट ओली चिकटलेली. पण ते उभे होते आणि पाणी त्यांना घेऊन चाललं होतं. चार-पाच श्वास असतील. माझे हात आपोआप जोडले गेले होते, हे मला नंतर कळलं. भोयर हळूच म्हणाले, "अरे बापा. पाण्यावर चालून राहिला बुढा."

परत येताना टेम्पोत मी म्हणालो, "जमलं साहेब! नऊ फूट, तीस इंच. माप मिळालं."

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. "नाई मास्तर. मिळालं नाई. थोडी डगमगून राहिली होती. अजून विचाराव लागते."

जूनपर्यंत ते विचारतच राहिले. कधी डावा गुडघा दुखू लागला, मग फळी रुंद हवी. कधी वजन दोन किलोनं उतरलं, मग लिटर बदलले. कधी वल्ह्याची उंची डोक्यावर किती हवी इथे गाडी अडली. शेवटी मला राहवलं नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुदुच्चेरीजवळ अशा फळ्या बनवणाऱ्या कारखान्यात आहे. मी तिला साहेबांचं वजन, वय, उंची, गुडघा, सगळं कळवलं. तिनं तासाभरात पक्कं उत्तर दिलं. नऊ फूट, बत्तीस इंच, एकशे तीस लिटर. हेच घ्या सर, दुसरं काही पाहू नका.

मी ते छान अक्षरात कागदावर लिहिलं आणि पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो.

साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. पेढ्याला हात लावला नाही.

"म्हणजे झालं?" ते म्हणाले.

"झालं! आता मागवून टाका."

"हो," ते म्हणाले. "झालं."

त्यानंतर आठवडाभर ते गच्चीवर आले नाहीत. खडूच्या फळ्या पायाखाली पुसट होत चालल्या. सुनीता म्हणाली, "तुम्ही काहीतरी बोललात त्यांना." मी शपथ घेतली की फक्त मदत केली. तरी मन खाऊ लागलं म्हणून एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. ते पंख्याखाली बसून होते, समोर मोबाइल.

"साहेब, माझं काही चुकलं का?"

मग त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "वाचा. वरून वाचा."

पल्लवीचे संदेश होते. वर सरकवत गेलो तर संपेनात. सगळ्यात पहिला साहेबांचा होता, चौदा महिन्यांपूर्वीचा. 'लहान लाटेसाठी पॅडलबोर्ड किती फुटाचा घ्यावा? वजन ६८. कळावे.' कळावे! मुलीला लिहिलेलं. त्याखाली तीन दिवस काही नाही. मग तिचं उत्तर. 'कोणासाठी?' 'माझ्यासाठी.' आणि मग तिचा लांबच लांब संदेश. 'बाबा, पोहता येते का अजून? गुडघा कसा आहे? बीपीची गोळी चालू आहे ना?' आणि त्याखाली रुंदी, लांबी, लिटर, बाक. साहेबांनी मला शिकवलेला शब्दन् शब्द तिथे होता.

"बुटीबोरीले चांगली नोकरी होती तिले," साहेब सांगू लागले. "कापडाच्या कारखान्यात. तिची आई गेली, वर्ष झालं, अन् एक दिवस सोडून दिली. म्हणे, समुद्रावर जातो, लोकाले फळीवर उभं राहाले शिकवतो. मले राग आला. मी फोन उचलणं बंद केलं. ती रोज करे. मग आठवड्यातून एकदा करे. आठ महिने मी उचलला नाई मास्तर. मग तिनं करणं सोडलं."

पंखा फिरत होता.

"मंग मले कराव वाटे. पण कोणत्या तोंडानं करू? काय बोलू? तिले जे येते ते विचारलं. तिनं सांगितलं. मंग अजून विचारलं." त्यांनी माझ्या कागदाकडे बोट दाखवलं. तो घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवला होता. "मी तिले कळवलं, साइज मिळाली म्हणून. खोटं कसं सांगू? तिनं लिहिलं, बरं. तेव्हापासून काही नाई."

मी तलावावरची ती सात वेळची पडझड आठवत बसलो. थर्माकोलची फळी, ओले कपडे, थंडीनं काळे पडलेले ओठ, आणि घरी येऊन मुलीला लिहिलेलं, थोडी डगमगते, काय करावं? माझ्या घरातल्या माणसाशी बोलण्यासाठी मी कधी इतका भिजलो असतो का, कोण जाणे.

आषाढ लागला. दोन दिवस पावसाची झड थांबत नव्हती. एका सकाळी साहेब छत्री न घेता आमच्या दारात आले. मोबाइल शर्टाच्या आत झाकून धरलेला.

"वहिनी! ओ वहिनी! कुरडया कशा करते? तिनं विचारलं. पल्लवीनं!" त्यांना धाप लागली होती. "म्हणे, आईच्या हातच्या कुरडया कशा होत्या, गहू कसे भिजवे, ते विचारून सांगा. मले काय माहीत? मी फक्त खाल्ल्या."

सुनीता तांदूळ निवडत होती. तिनं बाहेर पाहिलं. अंगणात घोटाभर पाणी साचलेलं. "भाऊजी, पण एवढ्या पावसात कुरडया कोण घालते? त्याले तर कडक ऊन पाह्यजे. उन्हाळ्याचं काम ते. तिले माहीत नाही का? आईसोबत दरवर्षी करे ती."

साहेब तसेच उंबऱ्यावर थांबले. त्यांनी अंगणाकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. चष्म्यावर थेंब होते, ते त्यांनी पुसले नाहीत. सुनीतानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग ती तांदळाचं सूप बाजूला ठेवून उठली.

"बसा," ती म्हणाली. "सांगतो मी."

साहेब खुर्चीवर बसले. खिशातून वही काढली, पेनचं टोपण काढलं.

"पण वहिनी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "एका दिवशी एकच सांगजा."

"मंग आज गहूच सांगतो. तीन दिवस भिजत घालायचे. रोज पाणी बदलायचं. आज एवढंच."

त्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आले, भिजलेले गहू कसे वाटायचे ते लिहून नेलं. तिसऱ्या दिवशी सुनीता सत्त्व खाली बसल्यावर वरचं पाणी कसं काढायचं ते सांगत होती आणि मध्येच फोन वाजला. संदेशाचा टुंग नव्हे, फोन. साहेबांनी पडद्यावरचं नाव पाहिलं आणि पहिली घंटी पूर्ण व्हायच्या आत कानाला लावला. वही मांडीवरून खाली पडली.

ते उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिकडून काय बोलणं चाललं होतं ते आम्हाला ऐकू आलं नाही. साहेबांचे खांदे तेवढे हलत होते.

मग ते म्हणाले, "जेवली का बेटा?"