वाघासाठी दोन पंच

पेणची शेवटची एसटी ऊन कललं की पनवेलहून सुटते.

नगरपालिकेच्या बागेतली कर्दळ हाफिजच्या शेळीने खाल्ली.

हौसाने पोह्यांवर घालायला नारळ खवून ठेवला.

फौजदारसाहेब अलिबागला गेले.

कर्नाळ्याच्या बाजूला एका बिबट्याला भूक लागली.

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. दुपारपर्यंत त्या सगळ्या पनवेल ठाण्याच्या हवालदार तुळशीरामाच्या मानेवर येऊन बसल्या.

आज त्याच्या मुलीला, मालूला, बघायला कल्याणची मंडळी प्रथमच पेणला घरी यायची होती. याआधी दोन स्थळं आली, तेव्हा तुळशीराम एकदा जत्रेच्या बंदोबस्तावर होता, एकदा मंत्र्यांच्या. दोन्ही खेपांना निरोप आला : बापालाच मुलीची पर्वा दिसत नाही. बायको, हौसा, या वेळी स्पष्ट बोलली होती, "अवो, आता नाय आलात तर तुमची टोपी पाटावर मांडीन आन् सांगीन, ह्यो बघा पोरीचा बाप."

अर्ध्या दिवसाची रजा मिळाली होती. तो पट्टा सोडत होता, तेवढ्यात कोंडवाड्याचा राखणदार बळीराम दारात उभा राहिला.

"हवालदारसाहेब, कोंडवाड्यात एक जनावर ज्यादा हाय."

"कुणाचं?"

"कुणाचंच नाय. वाघ हाय."

बळीराम सकाळी पाणी आणायला गेला तेव्हा फाटक उघडं होतं. आला, रोजच्यासारखी कडी घातली, आणि मग आत बघितलं.

"मग कडी काढायची ना, बाबा!"

"कशी काढू? आत आल्यालं जनावर मालक आल्याबिगर सोडायचं नाय, हुकूम हाय."

तुळशीरामाने पट्टा परत बांधला.

फोन, वनखातं : "जंगलात असता तर आमचा. कोंडवाड्यात आहे म्हणजे नगरपालिकेचा."

फोन, नगरपालिका : "आमच्याकडे गाय, म्हैस, शेळी, गाढव. हिंस्र असेल तर तो पोलिसांचा."

फोन, अलिबाग, फौजदारसाहेब : "वाघाचं राहू दे, जमाव पांगवा! पांगल्याशिवाय जागा सोडायची नाही."

जमाव म्हणजे अख्खं पनवेल होतं. माणसं भिंतीवर, झाडावर, बैलगाडीवर चढली होती. तुळशीरामाने काठी उगारली, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने पुढच्यांना दोन पावलं मागे ढकललं, तर मागच्यांनी त्यांना चार पावलं पुढे ढकललं. सखूबाई हळदकुंकू आणि नारळ घेऊन थेट फाटकाला भिडली.

"वाघोबा आपल्या पायानं दारी आलाय, आन् तुमी त्येला हाकलता व्हय?"

"मावशी, मागं व्हा. त्यो नारळ खात नाय."

"हवालदारसाहेब, खुदाके वास्ते," हाफिजने त्याची बाही धरली, "माझी शेळी आत हाय."

"मग घेऊन जा."

"आत जाऊन?"

"मालक तू हायस ना? मालकानंच न्यायची असते."

हाफिजने बाही सोडली.

ऊन कलायला लागलं. ओरडून घसा बसला होता. तुळशीराम एका दगडावर बसला. मंडळी आता पेणच्या वाटेला लागली असतील, हौसा टोपी झटकत असेल. त्याने खिशातला कोरा कागद गुडघ्यावर पसरला आणि बसक्या आवाजात म्हणाला, "चला. वाघाचा पंचनामा करायचाय. दोन पंच पाहिजेत. नाव, गाव, बापाचं नाव सांगा. कोर्टाचं बोलावणं आलं की हातातलं काम टाकून अलिबागला यायचं."

पुढची रांग आपणहून दोन पावलं मागे सरकली.

"पुढचे तुम्हीच या. तुम्हाला चांगलं दिसलंय."

पुढच्यांना एकदम चुलीवरचं दूध आठवलं. झाडावरच्या एकाची आई अचानक आजारी पडली. "आमाला बायकांना कोर्टातलं काय कळतंय?" म्हणत सखूबाईने नारळ जागच्या जागी ठेवला. हाफिज म्हणाला, "शेळी तशी म्हातारीच होती," आणि गेला. थोड्याच वेळात रस्त्यावर चपला राहिल्या, त्यांतली माणसं नाही.

"काढ कडी," तुळशीराम बळीरामला म्हणाला.

"पण मालक..."

"मीच मालक. काढ!"

दोघे फाटकाच्या आड उभे राहिले. बिबट्या बाहेर आला. रात्रपाळी करून सुटलेल्या शिपायासारखा त्याने दोघांकडे एकदा बघितलं आणि भातशेताच्या बांधावरून कर्नाळ्याकडे चालू लागला. आत शेळी गवताच्या गंजीच्या टोकावर उभी होती. बिचारीला ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं.

तुळशीरामाने धावत जाऊन पेणची एसटी पकडली. घरी पोचला तेव्हा अंगण सारवलेलं होतं, मालू नव्या लुगड्यात उंबऱ्यावर बसली होती आणि पोहे गार झाले होते.

"मी आलो," तो धापा टाकत म्हणाला. "मंडळी कुठायत?"

"नाय आली," हौसा म्हणाली. "खाऊन घ्या."

कल्याणची मंडळी दुपारी पेणची गाडी धरायला पनवेलला उतरली होती, कोंडवाड्यातला वाघ बघायला गेली होती, आणि हवालदाराने पंच मागितल्याबरोबर कल्याणच्या गाडीत जाऊन बसली होती.