मोहरीलभाऊंची डेक जॅकेटं

मे महिन्यात रायपूरची कुत्रीसुद्धा नालीत पोट टेकवून पडलेली असतात. त्याच दिवसांत आमचे शेजारी मोहरीलभाऊ आतून लोकर लावलेलं जाड जॅकेट घालून, गळ्यापर्यंत चेन ओढून गच्चीवर उभे असतात. एकदा मी खालून ओरडलो, "अहो भाऊ, मरसान ना!" तर वरून शांतपणे उत्तर आलं, "घालून पाह्यल्याशिवाय कसं समजन, काखेत धरते का नाही?"

हे जॅकेट साधंसुधं नाही बरं. जुन्या लढाईच्या काळात, बर्फाळ समुद्रात जहाजाच्या डेकवर पहारा देणाऱ्या परदेशी खलाशांसाठी शिवलेलं. म्हणून त्याला म्हणायचं डेक जॅकेट. बाहेरून हिरवट, चामट कापड. बाहीच्या आत लपवलेला विणीचा कफ, म्हणजे समुद्राचा वारा आत शिरत नाही. समुद्राचा वारा! आमच्या चौबे कॉलोनीत वारा येतो तो शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची काळी भुकटी घेऊन. आणि स्वतः मोहरीलभाऊंनी समुद्र पाहिला एकदाच, पुरीला. तिथंही चप्पल न काढता परत आले.

नोकरीत असताना ते उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये स्टोअर सांभाळायचे. मशिनी पुसायला तिथे परदेशी जुन्या कपड्यांचे गठ्ठे यायचे आणि त्यांच्या चिंध्या व्हायच्या. एका गठ्ठ्यातून अशीच एक हिरवी बाही बाहेर आली. "खांदा पाह्यला अन् माणसाच्या हातातून कैचीच हिसकली मी!" हा किस्सा सांगताना ते अजूनही कैची हिसकतात. एकदा माझा चहा सांडला त्यात. तेव्हापासून कुठे गठ्ठा फुटला, कुठे इंटरनेटवर दिसलं, की भाऊ तिथे हजर. आता त्यांच्या घरात देवघर सोडून सगळीकडे जॅकेटं आहेत.

बरं, विकतात का? नाही. फुकट देतात. पण त्यांचा एक कायदा आहे: "जॅकेट कापाचं नाही, माणूस शोधाचा." एक इंच दाबायचं नाही, एक टाका उसवायचा नाही. ज्याच्या खांद्यावर जसंच्या तसं बसेल, त्याचं. त्यामुळे माणूस भेटला की भाऊ तोंड बघतच नाहीत, खांदे बघतात. लग्नात नवरदेवाला आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढतात आणि पाठीवर हात फिरवता फिरवता वितीने माप घेऊन उतरतात. नवरीकडचे म्हणतात, किती मायाळू माणूस!

आता लपवण्यात काय अर्थ आहे, मी जळतो. सरळ सांगतो, या माणसाच्या गच्चीकडे पाहून माझं पोट दुखतं.

कारण जॅकेट मिळालं की एक अट असते. "लोकर हाये. दर रविवारी ऊन दाखवाच लागते, नाही तं कसर लागली समजा." हे ऊन दाखवायचं भाऊंच्याच गच्चीवर. म्हणजे रविवारी सकाळी समता कॉलोनीतले दातांचे डॉक्टर, मेडिकलवाला, कोपऱ्यावरचा मास्तर, सगळे आपापलं जॅकेट हातावर टाकून वर जातात. दोरीवर जॅकेटं, खाली सतरंजीवर माणसं, मधे पोह्यांचं पातेलं. हसण्याचा असा गडगडाट होतो की माझ्या बाल्कनीतल्या तुळशीला ऐकू जातो. आणि मी तिथेच, तुळशीला पाणी घालत. एकाच झाडाला किती पाणी घालायचं माणसानं?

मला का नाही मिळालं? विचारलं ना मी! लाज सोडून विचारलं. भाऊंनी मला गोल फिरवलं, टेप लावली, चुकचुकले. "काळेभाऊ, तुमचा खांदा उतरता हाये. बाटलीले कोट घातल्यासारखं होईन." त्यानंतर महिनाभर मी दार लावून दंड बैठका काढल्या. खांदा होता तिथेच राहिला, कंबर तेवढी धरली.

त्यातही कहर केला माझ्या साळ्यानं, बायकोच्या भावानं. बंटी बिलासपूरहून दोन दिवसांसाठी आला. भाऊंनी फाटकातच त्याचे खांदे पाहिले, आत नेलं आणि त्यांच्याकडचं सगळ्यांत देखणं, निळं जॅकेट त्याच्या अंगावर चढवलं. पोट्टा आरशासमोर उभा राहून मला म्हणतो, "जीजाजी, देखो, एकदम मेरे लिए ही बना है!" दिवाळीला दहा फोन केले तरी न येणारा हा माणूस आता रविवारच्या पहिल्या गाडीनं येतो आणि आमच्या दारावरून सरळ वर गच्चीवर!

मी सुनंदेवर, म्हणजे बायकोवर, उखडलो. "काय जादू केली हाये या म्हाताऱ्यानं?"

ती कपाटातून स्वेटर काढत होती. म्हणाली, "जादू कायची? लोकरीले कोणी दर रविवारी ऊन दाखवते काय? वर्षातून एकदा दाखवलं की झालं. रोजच्या उन्हानं तं रंग उडते."

माझं जागच्या जागी डोकं तापलं. "म्हणजे खोटं बोलून राहिला तो! चारचौघांत सांगतो आता."

"कोणाले सांगता? साऱ्याईले माहीत हाये. बंटीलेबी. एक तुमालेच माहीत नव्हतं."

हे ऐकून तर मी जास्तच पेटलो. पुढच्या रविवारी उठलो आणि तडक भाऊंच्या गच्चीवर गेलो. बाकीच्यांना माहीत असेल, पण त्या माणसाच्या तोंडावर कोणी बोललं का?

वर गेलो तर गच्चीवर कोणीच नाही. आभाळ गच्च भरलेलं, उन्हाची तिरीपही नव्हती. दोरी रिकामी. सतरंजी मात्र अंथरलेली, पातेल्यात सगळ्यांना पुरतील एवढे पोहे, आणि बाजूला एकटे मोहरीलभाऊ आभाळाकडे बघत.

"आज ऊनच नाही, काळेभाऊ," ते म्हणाले. "कोण येईन?"

घोकून आणलेलं वाक्य माझ्या तोंडातून निसटलंच. "भाऊ, लोकरीले दर रविवारी ऊन लागत नाही."

त्यांनी झारा पातेल्यात ठेवला.

"माहीत हाये," ते म्हणाले. "घरवाली गेली तेव्हापासून घरात कोणी येत नव्हतं. नुसतं 'या' म्हटलं तं कोण येते हो? माणसाले यायले काही काम पाह्यजे." मग माझा हात धरून हळूच, "कोणाले सांगू नका. लोक यायचे बंद होतीन."

साऱ्याईले माहीत हाये! शब्द ओठावर आले होते. गिळले. भाऊंचं खोटं उघडं पडू नये म्हणूनच बहुतेक बिनउन्हाचं आज कोणी वर आलं नव्हतं. माझा सगळा राग कुठे गेला कोणास ठाऊक, नुसतं वाईट वाटलं. त्यांच्यासाठी, आणि इतकी वर्षं तुळशीला पाणी घालत बसलेल्या माझ्यासाठीही.

"हव, नाही सांगत," मी म्हणालो. "पण मले एक जॅकेट द्या. कोणतंही."

"तुमच्या मापाचं नाही हो."

"तरी द्या."

भाऊ आत गेले, एक हिरवं घेऊन आले आणि माझ्या अंगावर चढवलं. खांद्याची शिवण अर्ध्या दंडावर आली, बाह्या बोटांखाली गेल्या. भाऊ माझ्याभोवती फिरले. मागून ओढलं, पुढून ओढलं, कॉलर दोनदा नीट केली. आयुष्यभर एक इंच इकडेतिकडे चालू न देणारा माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "बसते की."

मी ते काढलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं. भाऊंनी दोन बशा भरल्या. मग आम्ही दोघं पोहे खात, ऊन निघायची वाट बघत बसलो.