शोकसभेतले अभिनंदन

मयताच्या घरच्यांचं अभिनंदन करणारा माणूस अख्ख्या मनीषनगरात एकच आहे, आणि तो आमच्या फ्लॅट स्कीममध्ये राहतो. मान मोठा आहे, पण त्यापायी आम्हाला स्मशानघाटावर तोंड लपवून उभं राहावं लागतं.

वामनराव ठवकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर लोक गुडघे बदलून घेतात. यांनी सूफी कविता वाचायला घेतली. तिच्यात त्यांना कळलं की देव हा प्रियकर, जीव ही नवरी आणि मरण म्हणजे दोघांचं लग्न. संताच्या पुण्यतिथीला उरूस, म्हणजे लग्न, म्हणतात तो म्हणूनच. दुसऱ्या कुणी हे वाचून मान डोलावली असती आणि चहा मागवला असता. वामनरावांनी ते थेट घाटावर नेलं.

आपल्याकडे चितेला अग्नी दिला की तिथेच शोकसभा होते. कुणी बोलवायच्या आत वामनराव पुढे सरसावतात. "अभिनंदन! माणूस आपल्या महबूबले भेटाले गेला. काहून रडून राहिले गा?"

एकदा मयताच्या जावयाने त्यांना दंडाला धरून स्कूटरपर्यंत पोचवलं. "त्याले इश्क समजत नाही," एवढंच वामनराव म्हणाले आणि हेल्मेट घालून, सगळे सिग्नल पाळत घरी आले. मरणाच्या प्रेमात पडलेला हा माणूस बी.पी.ची गोळी मात्र कधी चुकवत नाही. विचारलं तर म्हणतात, "लगनाआधी तब्येत सांभाळा लागते ना गा."

त्यांच्या बायकोला, शकुंतलाकाकूंना, या इश्काचं कौतुक बेताचंच. "तुमचं लगन होईल तवा होईल," त्या म्हणतात, "आधी दूध आना."

मागच्या महिन्यात काकूंच्या छातीत कळ आली. गाडी मीच काढली. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करू, पण धोका आहे. आता प्रवचन होणार, म्हणून मी मन घट्ट केलं.

वामनरावांनी स्ट्रेचरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. नर्स म्हणाली, काका, सोडा. ते सोडेनात.

"सोडा ना जी," काकू पुटपुटल्या, "लोक पाहून राहिले."

वामनरावांनी मान वर केली आणि दवाखान्याच्या छताला दम भरला, "तुले दुसरी कोनी भेटली नाही का बे? हिचं लगन झालं हाय. माह्यासंग."