माल बंद, हमाल चालू

शरीर कसं चालतं हे डॉक्टरांनाच कळतं, असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. ते गोदामवाल्याला कळतं! मी एका गोदामाचा मॅनेजर. ब्रेड, भात, बटाटे म्हणजे आलेला माल. पोटात गेला की त्याची साखर होते. इन्सुलिन म्हणजे हमाल. तो साखर उचलून पेशींमध्ये पोचवतो आणि जास्तीची चरबी करून साठवून ठेवतो. माझ्या पोटावर तर त्यानं थप्प्याच लावल्या होत्या. मग उपाय काय? माल बंद! हमाल बसेल हात चोळत!

त्या रविवारी सकाळीच मी घरातली साखर, मध, जाम, बिस्किटं, ब्रेड एका पिशवीत भरून घरी निघालेल्या वॉचमनला देऊन टाकलं.

"अहो, बाबा राहायला आलेत. त्यांना इन्सुलिन चालू आहे," बायको म्हणाली. "धाकटीला विचारा तरी." धाकटी म्हणजे माझी मेव्हणी, हॉस्पिटलात नर्स.

"तिला काय विचारायचं? मधुमेहावर तर हा रामबाण उपाय आहे!"

सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे इंजेक्शन घेतलं आणि माझ्या हुकमाप्रमाणे अंडी, लोणी आणि चीज खाल्लं.

"जावईबापू, ब्रेडची एखादी कड तरी?"

"कडसुद्धा नाही!"

थोड्या वेळानं ते कपाळ पुसायला लागले.

"घाम फुटलाय हो."

"चरबी वितळतेय!"

"हात थरथरतायत."

"जुन्या सवयी निघून चालल्यात!"

"साखर उतरलीय वाटतं."

"अभिनंदन!" मी चक्क टाळ्या वाजवल्या.

सासऱ्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "नळ दुरुस्त करायला तुम्हीच आलात का?"

बायकोनं धावत जाऊन साखर मोजायचं यंत्र आणलं आणि त्यांचं बोट टोचलं. आकडा फारच खाली होता. तिनं स्पीकरवर धाकटीला फोन लावून माझा 'माल बंद'चा प्रयोग सांगितला.

"बाबा शुद्धीवर आहेत? गिळता येतंय? मग ताबडतोब साखरेचं पाणी दे!"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मी जागच्या जागी सुकलो.

"चहात टाकायच्या गोड गोळ्या आहेत!" मी ओरडलो.

"त्या नुसत्या गोड लागतात, त्यात साखर नसते!" फोनवरून धाकटी म्हणाली.

"मग लोणी?"

"भाऊजी!" धाकटी किंचाळली. "इंजेक्शनमधून बाहेरून तुमचे ते हमाल बोलावलेत, ते बसून राहतील होय? माल बंद केलात तर रक्तात आहे तीच साखर उचलून नेणार! मेंदूनं काय खायचं?"

बायको शेजारी धावली. शेजारी कुलूप! सासऱ्यांची मान छातीवर झुकायला लागली. मी त्यांचा हात धरला. थंडगार, ओला. माझी नोकरी गेली होती तेव्हा या माणसानं मला एका शब्दानं दुखावलं नव्हतं. त्यांना काही झालं तर मी स्वतःला कधीच माफ करणार नव्हतो.

मी उठलो. बाल्कनीत गेलो, टूलबॉक्स उघडला, पाने आणि पक्कड बाजूला सारली आणि तळातून संत्र्याच्या कोल्ड्रिंकची बाटली काढली. अर्धी भरलेली.

एकेक घोट त्यांना पाजला. फोन चालूच होता, आणि पलीकडे धाकटीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. हळूहळू घाम थांबला. हाताची थरथर थांबली. सासऱ्यांनी डोळे उघडले.

"जावईबापू, रडताय कशाला?"

बायकोनं पुन्हा बोट टोचलं. आकडा चढला होता. मी भिंतीला टेकून बसलो.

"आता बाहेरून ब्रेड मागवून त्यांना खायला द्या," धाकटी म्हणाली. "थोड्या वेळानं परत तपासा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या ताटाला कोणी हात लावायचा नाही! पण काय गं, साखर मिळाली कुठे?"

मी बाटली हळूच पाठीमागे सरकवली.

"टूलबॉक्समध्ये," बायको म्हणाली. "अर्धी बाटली होती. बाकीची अर्धी कुठे गेली तेही दिसतंय मला समोर."

"मग यंत्र हातात आहेच ना? भाऊजींचंही बोट टोच!"

"मी एकदम ठणठणीत..."

"कुठलं बोट?" बायकोनं नवी सुई लावत विचारलं.

आकडा सांगत नाही. हल्ली मी घरात आहारशास्त्रावर बोलत नाही. माझं ताट सासरे वाढतात, आणि निवृत्त झाल्यापासून इतकं मनासारखं काम मिळालं नव्हतं, असं ते सगळ्यांना सांगत सुटलेत!