केमिकलचे एक्केचाळीस अर्ज

बी.कॉम. झाल्याबरोबर मी बिलोलीत जाहीर करून टाकलं होतं, की दोन वर्षांत अख्ख्या मराठवाड्याचा शेअरबाजार माझ्या खिशात असेल! खिसा रिकामाच होता, त्यामुळे जागेची अडचण नव्हती.

सुरुवात म्हणून लातूरला शरणप्पांच्या ऑफिसात बिनपगारी लागलो. शरणप्पा मूळचे उदगीरचे. तिथे तुरीची अडत करायचे, आता लातुरात लोकांकडून नव्या कंपन्यांच्या शेअरचे अर्ज भरून घ्यायचे. सगळे त्यांना अप्पा म्हणत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "अश्वजित, ही फायनान्सची लाइन हाय. आधी शिकायचं. पगाराचं मागून बघू."

"मागून म्हणजे कधी, अप्पा?"

"एका दिवसात पन्नास अर्ज भरून दाखव. त्या दिवसापासून पगार सुरू!"

चार महिन्यांत माझा एका दिवसाचा उच्चांक तीन होता. त्यातला एक माझ्या मावशीचा. तिकडे आमचे दादा, म्हणजे वडील, तहसीलमध्ये कारकून. ते येईल त्याला सांगत, "पोरगा फायनान्समध्ये हाय!" आणि दर महिन्याला गुपचूप मलाच मनिऑर्डर करत.

त्या दिवशी सकाळी अप्पा बँकेत गेले होते. दहावीचा निकाल नुकताच लागलेला. आमच्या इमारतीला दोन जिने. उजवा जिना मार्तंड सरांच्या केमिस्ट्री क्लासकडे जायचा, डावा आमच्याकडे. उजव्या जिन्यावर पालकांची रांग रस्त्यापर्यंत. डाव्या जिन्यावर एक मांजर.

दहा वाजता लाइट गेली आणि तळमजल्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं नवाकोरा जनरेटर चालू केला. तो असा काही गुरगुरला की फरशी थरथरली, खिडक्या खडखडल्या. भूकंपाला अजून दोन वर्षंही झाली नव्हती. "हलतंय! हलतंय!" कुणीतरी ओरडलं आणि अख्खी इमारत रस्त्यावर आली. सगळ्यात पुढे मी. अनवाणी!

जिन्यावर एक म्हातारी तेवढी उभी राहिली, नातीचा हात धरून. ती शांतपणे म्हणाली, "ह्यो तो न्हाई. त्याचा आवाज येगळा असतो. आमी किल्लारीचे हाव."

लोक कपडे झटकून पुन्हा रांगेला लागले. पण सगळ्यात पुढचे, औशाचे एक गुरुजी, गडबडीत डाव्या जिन्यानं चढले. त्यांच्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा. म्हातारीही नातीला घेऊन उतरली आणि रांग जात होती तिकडेच निघाली.

मी चपला शोधून वर आलो, तर माझ्या टेबलासमोर साठ माणसं! मला वाटलं, पेपरातली जाहिरात लागू पडली. आम्ही त्या आठवड्यात एका केमिकल कंपनीचे अर्ज घेत होतो.

गुरुजींनी विचारलं, "केमिकलचं इथंच का?"

"इथंच! बसा!"

"फक्त केमिकल? बाकीचे विषय?"

"सध्या केमिकल. औषधाचं पुढच्या महिन्यात आहे."

"म्हंजे मेडिकलचं बी हाय!" गुरुजी मागे वळून म्हणाले. रांगेत समाधान पसरलं. "आधी किती भरायचे?"

"पाचशे. कमीत कमी शंभरसाठी."

"शंभरपैकी शंभर?" गुरुजींचे डोळे विस्फारले. "निकाल कसा हाय?"

"मागच्या वेळचे वर्षात तिप्पट झाले."

"आणि नंबर नाही लागला तर?"

"पैसे परत. एकूण एक."

पैसे परत! हे ऐकून रांग अशी पुढे सरकली की माझं टेबल भिंतीला लागलं. अर्ज इंग्रजीत. नाव, वडिलांचं नाव, वय, धंदा मी विचारायचो, भरायचो. लोक सही करून पाचशे ठेवायचे. वीस झाले. तीस झाले. माझा हात लिहीत होता आणि डोकं पहिल्या पगाराचा शर्ट शिवायला टाकत होतं.

एक्केचाळिसावी ती किल्लारीची म्हातारी, कस्तुराबाई. तिनं पदराची गाठ सोडून नोटा मोजल्या आणि अंगठा पुढे केला. पण तिच्या नातीनं, मनिषानं, अर्ज उचलून वाचायला घेतला. वाचता वाचता ती हळूच म्हणाली, "सर, यात इक्विटी शेअर लिहिलंय. ते अकरावीला न्हाई."

"अकरावीला?" मी म्हणालो.

"हा क्लासच हाय ना, सर?"

तेव्हा कुठे मला रांगेतल्या हातांमधल्या गुणपत्रिका दिसल्या. खोटं कशाला सांगू, क्षणभर मनात आलं, गप्प बसावं. नऊच तर राहिले होते! पण ती पोरगी माझ्याकडे बघत होती, आणि शेजारच्या क्लासचे प्रवेश एक वाजता बंद होणार होते. पावणेबारा झाले होते.

मी खुर्चीवर चढलो. "मंडळी, हा क्लास नाही! हे शेअरचं ऑफिस आहे!"

गोंधळ उडाला. "फसवणूक!" गुरुजी गरजले. मागून एकजण ओरडला, "ते काही असू द्या, पण पैसे परतवाली स्कीम आमाला पाहिजे!"

मी नाव पुकारून एकेकाचे पाचशे परत दिले, अर्ज फाडले, आणि सगळी वरात एका जिन्यानं उतरवून दुसऱ्या जिन्यानं चढवली. वर मार्तंड सर रिकाम्या हॉलमध्ये एकटेच बसले होते.

"माझी रांग कुणी पळवली?" ते कडाडले.

गुरुजी सरळ टेबलाशी गेले. "सर, नंबर नाही लागला तर पैसे परत, हे आधी लिहून द्या."

"असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

एक्केचाळीस बोटं माझ्याकडे वळली!

सर काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण एकच्या आत सगळ्यांना जागा मिळाल्या, हे खरं.

अप्पा परतले ते फाटक्या अर्जांच्या ढिगाऱ्यासमोरच. सगळं ऐकून म्हणाले, "पगार असता तर कापला असता रे!" आणि कपाळाला हात लावून बसले.

एवढ्यात दार ढकलून कस्तुराबाई आल्या. मागे मनिषा. "पोरीचं झालं बाबा. आता ते तुजं केमिकल काय हाय ते सांग. थोडे पैसे हायेत माज्याजवळ."

अप्पांनी टुणकन उठून खुर्ची पुसली. मी अर्ज काढला. आणि काय झालं कुणास ठाऊक, चार महिन्यांत पहिल्यांदाच मी सगळं खरं सांगितलं. वाढतातही, बुडतातही. मागच्या वेळचं मागच्या वेळी. गरजेचे पैसे घालू नका.

"तू घेतलास का?"

"न्हाई, आजी. मला इथं पगार न्हाई."

"पगार न्हाई? मग खातोस काय?"

मी अप्पांकडे बघितलं. आजींनी नोटा पुन्हा पदरात बांधल्या, पिशवीतून फडकं काढलं, आणि दोन ज्वारीच्या भाकरी शेंगदाण्याच्या चटणीसकट टेबलावर ठेवल्या. "आदी जेव," म्हणाल्या, आणि नातीला घेऊन गेल्या.

फायनान्समधली माझी ती पहिली कमाई. त्यातली एक भाकरी अप्पांनी दलाली म्हणून खाल्ली.